बाग कुणाची, खराटा कुणाचा?

(चिकलठाणा येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागच्या रांगेतली चार पोरं हसली, ते मी पाहिलं. समुद्र इथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर. आपण बसलोय चिकलठाण्यात. एकीकडं एमआयडीसीच्या भिंती, दुसरीकडं विमानतळाचं कुंपण, जवळून काळी पडलेली सुखना नदी वाहते. अन् हा गडी मुंबईच्या बागा, झाडं, चौपाट्यांवर बोलणार. पोटाला भाकर नाही अन् फुलांच्या गोष्टी, असं तुमच्या मनात आलं असेल तर त्यात वावगं काही नाही. बाग साहेबाची, शेठजीची, संध्याकाळी कुत्रं फिरवणाऱ्याची, असंच आपल्याला शिकवलंय. माझं म्हणणं एवढंच की ही शिकवण खोटी आहे. बाग हा आपल्या चळवळीचा जुना हिशेब आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

१९१७ साल घ्या. अमेरिकेत, विलायतेत शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी बनून पारशांच्या उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. चालता हो! एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनी पाठ फिरवली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बसले कुठं? कामाठी बागेत. सार्वजनिक बागेत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अख्ख्या बडोद्यात एवढ्या मोठ्या विद्वानाला बूड टेकायला जी जागा मिळाली ती ही. त्या बागेच्या फाटकावर जात विचारणारा शिपाई असता तर? तिकीट असतं अन् खिशात पैसा नसता तर?

ज्याच्याकडं बंगला आहे, गच्ची आहे, क्लबाचं कार्ड आहे, त्याला बाग म्हणजे चैन. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात त्यांना बाग म्हणजे दुसरी खोली. पोरगी अभ्यासाला तिथं बसते. म्हातारा दुपारी तिथं पडतो. नवराबायकोला दोन शब्द बोलायला तिथंच जावं लागतं. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा येत नाही. म्हणजे एक सतरंजी. त्या सतरंजीवरही कुणाकुणाचा डोळा आहे, ते पुढं सांगतो.

आता कायद्याचं बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशानं बांधलेली, राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली करा. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला, कागदावर. पाणी काही मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं. मग संविधानात कलम १५ आलं. त्याचं दुसरं पोटकलम पोरांनो पाठ करून ठेवा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांनी जमायच्या जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतः सरकारच्या पैशानं राखल्या जातात, त्या वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. 'राखल्या जातात' हे शब्द नीट ऐका. जागा राखायला पैसा सगळ्यांचा लागतो, म्हणून हक्कही सगळ्यांचा. बाग राखणं, चौपाटी राखणं ही माळ्या-मुकादमाची किरकोळ बाब आहे असं वाटत असेल तर आपल्या हक्काचा पाया तिथंच घातलाय, हे ध्यानात घ्या.

हीच लढाई आपल्या काळ्या भावांनी समुद्रावर लढली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी नावाचं गाव आहे. तिथं सव्वीस मैलांची पांढरी वाळू. ती वाळू सरकारी पैशानं टाकलेली, पण पाय ठेवायचा फक्त गोऱ्यांनी. डॉक्टर गिल्बर्ट मेसन यांनी १९५९ च्या मे महिन्यात थोड्या लोकांना घेऊन पाण्यात पाऊल टाकलं. पोलिसांनी हाकललं. एप्रिल १९६० ला सव्वाशेच्या आसपास माणसं गेली तेव्हा गोऱ्यांच्या जमावानं साखळ्या अन् काठ्यांनी झोडपलं, पोलीस बघत उभे. तरी लढा थांबला नाही. कोर्टातला मुद्दा तोच होता: पैसा सरकारी तर किनारा सगळ्यांचा. १९६८ साली किनारा मोकळा झाला. महाडात तळं, बिलॉक्सीत समुद्र. पाण्याला सोवळं लावायची हरामखोरी दोन्हीकडं एकच.

म्हणजे जायचा हक्क आपण लढून मिळवला. कागदावर का होईना, मिळाला. पण दुसरा सवाल कुणी विचारत नाही. ही जागा राखतं कोण?

पहाटे दादर, जुहू, गिरगाव, कुठल्याही चौपाटीवर जा. पावसाळ्यात समुद्र मुंबईचं सगळं पाप परत आणून टाकतो. मिठी नदीतून माहीमच्या खाडीत गेलेलं प्लॅस्टिक, चपला, थर्माकोल, डांबराच्या गोळ्या, निर्माल्य. ओल्या वाळूत रुतलेलं ते सगळं दंताळ्यानं ओढायचं, घमेल्यात भरायचं, गाडीत टाकायचं. दुसऱ्या भरतीला तेवढंच पुन्हा. रस्त्याचा कचरा एकदा झाडला की निदान संध्याकाळपर्यंत निघतो. समुद्राचा सहा तासांत परत येतो. हे काम बारा महिन्यांचं आहे. आणि करतं कोण? आपलीच माणसं. मुंबईच्या सफाईत बहुसंख्य कामगार दलित आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी गेलेल्यांची पोरं-नातवंडं त्यात आहेत. बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय की या देशात माणूस भंगी ठरतो तो जन्मानं, मग तो झाडू मारो न मारो. कंत्राटदार हे बरोबर ओळखतो. खराटा कुणाच्या हातात द्यायचा हे त्याला जाहिरात न देता कळतं.

पुन्हा हुशारी बघा. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता, त्यात वीस कामगारांची अट होती. मग काम तुकड्या-तुकड्यांत वाटा, कुणाकडंच वीस भरू देऊ नका. त्याहून मोठी हुशारी शब्दाची. मुंबईच्या दत्तक वस्ती योजनेत वस्ती झाडणाऱ्याला कामगार म्हणायचं नाही, 'स्वयंसेवक' म्हणायचं. पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. एका शब्दात किमान वेतन गेलं, प्रॉव्हिडंट फंड गेला, सुट्टी गेली.

आता याच शब्दाची दुसरी बाजू. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्या बरोबरच्यांनी दर आठवड्याला कचरा उपसला. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. स्वतःच्या हातानं घाण उचलणारा वकील या देशात किती वेळा दिसतो? पण विचार करा. एकानं रविवारी हातमोजे घालून वाळू उपसली तर तो स्वयंसेवक, त्याचा फोटो. दुसरी बाई सोमवार ते शनिवार तेच करते, तीही कागदावर स्वयंसेवक, आणि तिला पुरता पगारसुद्धा नाही. शब्द एक, दोघांच्या ताटात पडतं ते वेगळं. जात अशीच चालते. काम तेच असतं, करणारा बदलला की त्याची किंमत बदलते.

हे बदलता येतं की नाही? येतं. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घातले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल टिकला. त्यानंतरही नावातल्या स्पेलिंगचा फरक दाखवून शेकडो जणांना रखडवलं गेलं. बाप खेड्यातला, नाव लिहिणारा कारकून शहरातला, अन् चूक भोगायची कामगारानं. तरी निकाल आपला आहे. भाषणानं नाही, संघटनेनं मिळालेला आहे.

झाडांचंही तेच. १९७५ चा वृक्ष कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. सगळं आहे. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत कोर्टाचा निकाल आल्या रात्रीच करवती लागल्या अन् दोन हजारांवर झाडं आडवी झाली. त्याच वर्षी सरकारनं राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं जाहीर केलं. त्यातली जगली किती हे तपासायला पुढं विधिमंडळाची समिती नेमावी लागली. खड्डा खणायला पैसा असतो, फोटोला मंत्री असतो. तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस नेमलेला नसतो. झाड लावण्यानं जगत नाही, राखण्यानं जगतं. अन् राखणं म्हणजे कुणाची तरी नोकरी. ती नोकरी दिली नाही तर झाड मेलंच म्हणून समजा.

मग वरचे लोक म्हणतात, पालिकेला जमत नाही, मैदानं दत्तक देऊन टाकू. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेनं तसं धोरण मंजूरही केलं. ओरड झाली, मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. २०२३ ला तोच मसुदा नव्या कपड्यात आला. दत्तक घेणारा कोण? क्लबवाला, बिल्डर, कंपनी. आधी कुंपण, मग वेळा, मग तिकीट, मग 'अशा' लोकांना आत घेऊ नका. ती एक सतरंजी म्हणालो ना, तिच्यावर डोळा आहे तो यांचा.

आता सहा डिसेंबर. आपण मराठवाड्यातून गाड्या भरून जातो. चैत्यभूमी चौपाटीला लागून, आपण उतरतो शिवाजी पार्कात. अन् दरवर्षी कुणी ना कुणी नाक मुरडतं: घाण करतात. त्यांना माझं उत्तर आहे. विसर्जनानंतरच्या सकाळी त्याच किनाऱ्यावर प्लॅस्टरचे हात-पाय पडलेले असतात, तेव्हा तुमचं नाक कुठं असतं? लाखो माणसं दोन-तीन दिवस उघड्यावर राहणार, तर संडास, पाणी, कचऱ्याचे डबे पुरवणं हे पालिकेचं काम आहे, उपकार नाहीत. अन् त्या गर्दीत लोक पोतं भरून पुस्तकं घेऊन घरी जातात, ते दिसत नाही का?

पण हे झालं त्यांना. आता तुम्हाला. आपण जेवून पत्रावळ तिथंच टाकतो. पाण्याची बाटली तिथंच. सात तारखेच्या पहाटे ती उचलायला जी बाई वाकते, ती निळी साडी नेसून आदल्या दिवशी आपल्याच रांगेत उभी होती. कदाचित तुमच्या चुलतीची बहीण असेल. 'कुणीतरी उचलेल' असं म्हणताना आपल्या डोक्यात जो 'कुणीतरी' असतो त्याला जात असते. मनूनं घातलेला किडा आपल्याही डोक्यात शिरलाय, तो काढा. पत्रावळ आपली आपण उचलायची. पालिकेवर मेहरबानी म्हणून नाही, त्या बाईची पाठ वाचावी म्हणून.

आणि चिकलठाण्याचं? मुंबईचा कचरा समुद्र परत आणतो, आपल्या शहराचा कचरा ट्रकनं आपल्या बाजूला येतो. तीसेक वर्षं नारेगावच्या डोंगरावर ओतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या परिसरातल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा सगळं शहर नाक धरून बसलं. मार्चमध्ये मिटमिट्याला दगड उडाले, लाठ्या चालल्या. मग प्रक्रिया केंद्रं ठरली: चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी. कचऱ्यावर प्रक्रिया व्हायलाच पाहिजे, त्याला ना नाही. पण कचरा वाटताना आपली वस्ती आठवते, बाग वाटताना का आठवत नाही?

म्हणून चार गोष्टी करू. एक, २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाकू: कोणत्या वॉर्डात किती बागा, किती झाडं लावली, किती जगली, कंत्राट कुणाला, कामगार किती, हातात पगार किती, फंड भरला का. दोन, बाग अन् सफाईचं काम बारमाही आहे, तिथं कंत्राट नको, कायम नोकरी हवी, अन् ती नोकरी फक्त आपल्याच माथी मारलेली नको. सगळ्या जातींची पोरं येऊ द्या खराटा धरायला. तीन, प्रत्येक हजेरी चौकीवर बायांना संडास, पाणी, कपडे बदलायला खोली. चार, आपल्या वस्तीत मोकळी जागा हेरून ठेवू, नकाशावर आरक्षण बघू, अन् ती गिळली जाण्याआधी तिथं सभा घेऊ.

अर्जाचा कागद मी आणलाय. शेवटच्या बाकावर ठेवतो. हसणारी चार पोरं तिथंच बसलीत. पहिली सही त्यांची घेऊ.

जयभीम!