दुरुस्तीनंतरची थरथर

समजा, हुबळीस नवा क्लच बसवून घेऊन एक मालमोटार धारवाडकडे निघाली आहे. शहरात ती निमूट चालते. परंतु रायापूरपाशी मोकळा रस्ता लागून वेग वाढताच चालकाच्या पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. क्लचच वाईट निघाला, असे चालक म्हणतो. इंजिन जुने झाले, असे मिस्त्री म्हणतो. मालकाच्या खिशाला दोघांचेही म्हणणे सारखेच जड!

अशा वेळी पाना उचलण्यापूर्वी गाडीलाच विचारावे. ती उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन तितक्याच जोराने फिरविले असता थरथर नाहीशी होत असेल, तर इंजिन आणि क्लच बहुधा निर्दोष. स्टिअरिंग हातात नाचत असेल, तर पुढची चाके पाहावीत. तेही नसेल, तर दुरुस्तीत काय काय उघडले होते, हे आठवावे.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवितात आणि त्याआधी प्रोपेलर शाफ्ट सोडवितात. कोनात फिरणारा त्याचा प्रत्येक सांधा एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत असले, म्हणजे एकाचा हिसका दुसरा पोटात घालतो. सरकत्या जोडाचे दाते चुकीच्या घरात बसले, की हा समतोल गेला. सोडविताना खडूची एक खूण न केल्याचे हे फळ! दुर्लक्ष लांबले, तर क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर आदळतो.

तेव्हा गाडी कडेला घेऊन, चाकांना दगड लावून खाली पाहावे. काटे तिरपे दिसले, तर नवा भाग लागत नाही. दाते पूर्ववत् बसविले की झाले, आणि तेवढे काम त्याच मिस्त्रीने मजुरी न घेता करून द्यावे.