कर्करोगाचे सोंग घेणारी गाठ
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही आपली म्हण परमुलुखात अधिकच बोचते. येथे आई, बहीण, मावशी जवळ नसतात. आणि जे मायबोलीतही ओठांवर येत नाही, ते परक्या भाषेत डॉक्टरांना सांगावयाचे! स्तनातील गाठ मग महिनोन्महिने पदराआड राहते. आम्ही व्यवसायाने विकृतिशास्त्रज्ञ. रुग्णापेक्षा त्याच्या काचपट्टीशीच आमचा परिचय अधिक. बोटांना जे जाणवते त्यावर शेवटचा निर्णय देऊ नये, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

स्तनातील बहुसंख्य गाठी सौम्य असतात. त्यांतली एक दुर्मिळ जात म्हणजे ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’. ही गाठ हाताला दगडासारखी लागते, कधी खालच्या स्नायूला चिकटते, वरच्या त्वचेला खळी पाडते. मॅमोग्राफीच्या चित्रात तिच्यापासून किरणांसारख्या रेषा फुटलेल्या दिसतात. सारी लक्षणे कर्करोगाची! अनुभवी शल्यचिकित्सकही येथे फसतो.

मॉस्कोचे विकृतिशास्त्रज्ञ अलेक्सी अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ साली या गाठीचे वर्णन केले. १९२४ साली लेनिनचे शवविच्छेदन करणारे ते हेच. गाठ स्नायूंच्या पेशींपासून उद्भवते, असा त्यांचा समज होता. ती मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून निघते, हे पुढे कळले. (थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ, कुत्र्याशी संबंध नाही. विद्यार्थिदशेत आम्हीही क्षणभर गोंधळलो होतो.)

पूर्वी अशी फसगत फार महाग पडे. रुग्णेला भूल देऊन गाठ काढीत, तिची चकती गोठवून तेथल्या तेथे तपासीत, आणि कर्करोग ठरला की त्याच भुलेत सबंध स्तन काढून टाकीत. शुद्धीवर येईपर्यंत आपले काय झाले, हे त्या बाईला ठाऊक नसे. घाईने पाहिलेली चकती चुकीचे सांगू शकते, आणि या गाठीच्या बाबतीत तो धोका होताच. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया हे टप्पे वेगळे ठेवण्याची शिफारस केली.

आता हाताने तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि जाड सुईने काढलेला तुकडा या तिन्हींचा मेळ घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या मोठाल्या पेशी बारीक रव्याने गच्च भरल्यासारख्या दिसतात. ‘एस-१००’ या प्रथिनाची चाचणी त्यांत होकारार्थी येते. कर्करोगात सापडणारे केराटिन मात्र आढळत नाही. मग भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह गाठ काढली की सहसा पुरते, स्तन वाचतो. ही गाठ मारक ठरणे अत्यंत विरळा.

उलटही घडते. ‘फायलोड्स’ नावाची गाठ हाताला गुळगुळीत, निरुपद्रवी लागते. तीही बहुधा सौम्यच, पण काही थोड्या मारक निघतात. हाताला साधी लागली म्हणून सोडून देता येत नाही, ते यासाठी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या नोकऱ्या बदलीच्या. सामान बांधताना मुलांचे दाखले आपण आठवणीने घेतो. त्यांतच बायॉप्सीचा अहवाल, मॅमोग्राफीची चित्रे आणि मिळाल्यास काचपट्ट्याही ठेवाव्यात. मेणात बसविलेला तो तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. शंका आली, तर नव्या गावचा विकृतिशास्त्रज्ञ त्यावरून पुन्हा पाहू शकतो, आणि रुग्णेला दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागत नाही.