नेटवर्कचा सातबारा: एनएसएक्समधून कॉन्फिगरेशन कसं काढायचं?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण नेटवर्क किंवा क्लाउडच्या कामात असाल तर शेवटपर्यंत ऐका.

एक प्रश्न विचारतो. "हा फायरवॉलचा नियम गेल्या मंगळवारी होता का?" ऑडिटवाले हे विचारतात, आणि रात्री दोन वाजता ॲप्लिकेशन बंद पडलं की मॅनेजरही हेच विचारतात. उत्तर पुराव्यानिशी देता आलं पाहिजे.

पूर्वी सोपं होतं. स्विचवर लॉगिन करायचं, 'शो रन' टाकायचं, सगळं समोर. मग व्हीएमवेअरने २०१२ मध्ये निसिरा ही कंपनी घेतली, २०१३ मध्ये एनएसएक्स आणलं, आणि स्विच, राउटर, फायरवॉल सगळं सॉफ्टवेअरमध्ये गेलं. आज व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे आहे. कॉन्फिगरेशन राहतं एनएसएक्स मॅनेजरमध्ये, आणि प्रॉडक्शनमध्ये तो सहसा तीन नोडचा क्लस्टर असतो.

तुम्ही म्हणाल, बॅकअप आहे की! आहे, पण तो एन्क्रिप्टेड असतो आणि मॅनेजर पुन्हा उभा करायला असतो. तो उघडून एखादा नियम वाचता येत नाही. आणि स्क्रीनशॉट? शेकडो नियमांचे किती काढणार?

म्हणून एपीआय वापरायचा. इथे दोन दारं आहेत: जुना मॅनेजर एपीआय आणि नवा पॉलिसी एपीआय. नव्या सेटअपमध्ये पॉलिसीच्या दारानेच जा. त्यात 'इन्फ्रा' नावाचं एक झाड आहे. फिल्टर लावून गेट रिक्वेस्ट केली की हव्या त्या फांद्या एकदम जेसनमध्ये मिळतात. गेट फक्त वाचतं, काही बदलत नाही. तरीही ॲडमिनचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ऑडिटर रोलचं वेगळं अकाउंट घ्या, त्याला बदल करताच येत नाहीत.

आता तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली, पानं. यादी मागितली तर एका वेळी जास्तीत जास्त १००० नोंदी येतात. पुढच्या असतील तर उत्तरात 'कर्सर' येतो. तो परत पाठवून पुढचं पान मागायचं, कर्सर येणं थांबेपर्यंत. नाहीतर फाइल दिसते पूर्ण, पण असते अर्धी. एकूण आकड्याशी मोजणी जुळवाच.

दुसरी, पत्ते. नियमात बहुतेक वेळा आयपी नसतो, ग्रुपचा पत्ता असतो. तो ग्रुप टॅगवर बनलेला असू शकतो. म्हणजे कुणी एका व्हर्च्युअल मशीनचा टॅग बदलला, तर नियमाचं अक्षरही न बदलता त्याचा परिणाम बदलतो. म्हणून नियमांसोबत ग्रुप आणि सर्व्हिसही काढा, आणि ग्रुपमध्ये आत्ता कोण आहे हे वेगळं विचारा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसतोय दुसराच, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. इथेही तसंच. पॉलिसी एपीआय सांगतो ते 'काय हवंय' हे. प्रत्यक्ष होस्टवर ते उतरलं का, हे सांगते 'रिअलाइज्ड स्टेट'. ती वेगळी मागावी लागते. दोन्ही जुळले, तरच "नियम लागू आहे" असं म्हणा.

माझी पद्धत अशी आहे. रोज रात्री स्क्रिप्ट चालते, जेसन एका ठरावीक क्रमाने लावते आणि खाजगी गिटमध्ये ठेवते. सकाळी फरक बघायचा. प्रत्येक नोंदीत शेवटचा बदल कोणी आणि कधी केला हेही असतं, त्यामुळे तर्क लढवत बसावं लागत नाही. फक्त रिक्वेस्टचा भडिमार करू नका. मर्यादा ओलांडली की मॅनेजर ४२९ देऊन थांबवतो.

आणि हो, ही फाइल म्हणजे तुमच्या कंपनीच्या नेटवर्कचा नकाशा आहे. व्हॉट्सॲपवर "जरा बघ ना" म्हणून कुणालाही पाठवू नका.

या आठवड्यात एवढंच करा: ऑडिटर अकाउंट मागा आणि एकच यादी शेवटच्या पानापर्यंत काढून बघा. कुठे अडलात तर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!