चष्म्याच्या दुकानातून संग्रहालयापर्यंत

पुण्याच्या दिनकर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविताही लिहीत. पण १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. लोक मोडीत काढत होते ते दिवे, वाद्यं, कोरीव दरवाजे त्यांनी गावोगाव फिरून जमवले. अडकित्ते तर नीट निरखावेत असे. सुपारी कातरायचं साधं साधन, पण कारागिरानं त्याला मोराचा, घोड्याचा डौल दिलेला! पत्नी कमलाबाईंची साथ होती. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाकडे सोपवलं. पोटापाण्याचा धंदा सांभाळून हे घडलं, याचं मोल मला फार वाटतं. संग्रहालय पुण्याच्या शुक्रवार पेठेत आहे; मुलांना घेऊन जरूर जा.