अदृश्य शत्रूशीं झुंज



कराटे हा शब्द कानीं पडतांच फुटणाऱ्या विटा आणि दुभंगणाऱ्या फळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्या जपानी विजेतीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत, तिच्या कीर्तीशीं विटांचा कांहींएक संबंध नाहीं. इतकेंच काय, जगज्जेतेपद मिळविलें त्या क्षणीं तिच्यासमोर कोणी प्रतिस्पर्धीहि उभा नव्हता!

या विजेतीचें नांव रीका उसामी. जन्म १९८६ सालचा. कराटेच्या स्पर्धांत दोन प्रकार असतात. कुमिते म्हणजे दोघांची प्रत्यक्ष झुंज. दुसरा प्रकार काता. त्यांत खेळाडू एकटाच असतो. पूर्वसूरींनीं ठरवून दिलेल्या क्रमानें तो प्रहार, बचाव आणि पवित्रे करून दाखवितो. शत्रू चोहोंकडून येत असतात, मात्र ते दिसावयाचे असतात खेळाडूच्या नजरेंत.

उसामीबाई शितो-र्यू या संप्रदायाच्या. ओकिनावा बेटांतून जपानांत आलेल्या केन्वा माबुनी यांनीं आपल्या दोन गुरूंच्या नांवांतील अक्षरें जोडून तें नांव घडविलें. बाईंचे स्वतःचे गुरु योशिमी इनोउए हे होत.

नोव्हेंबर २०१२ मध्यें पॅरिस येथें जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. विरुद्ध बाजूस फ्रान्सचीच सँडी स्कोर्दो. म्हणजे प्रेक्षागृह कोणाच्या बाजूचें होतें हें सांगावयास नको. बाईंनीं चातान्यारा कुशांकू नांवाचा दीर्घ व अवघड काता निवडला. प्रथम निःस्तब्धता, मग एकाएकीं हात सुटतो, शुभ्र बाहीचा फटकारा ऐकूं येतो, आणि पुन्हां सारें शरीर दगडासारखें स्थिर! वेगापेक्षां ही स्थिरताच मला अधिक विलक्षण वाटते. उडी मारून जमिनीलगत बसतांनाहि तोल रेसभर ढळत नाहीं. पांचहि पंचांचीं निशाणें त्यांच्याच बाजूनें उंचावलीं.

यानंतर थोड्याच काळांत त्यांनीं स्पर्धांचा निरोप घेतला व त्या शिकविण्याकडे वळल्या. आणि येथूनच खरी नवलाची गोष्ट सुरू होते. इंटरनेटवरील त्या दोन-तीन मिनिटांच्या चलच्चित्रानें त्यांना देशोदेशीं नेलें. लक्षावधि लोकांनीं तें पाहिलें, आणि त्यांत कराटेचें एक अक्षरहि न जाणणारे पुष्कळ होते. उलट ऑलिंपिकमध्यें कराटेला प्रवेश मिळाला तो २०२१ सालीं, टोकियोंत. तेथें स्त्रियांच्या कात्याचें सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझनें मिळविलें, रौप्यपदक जपानच्या कियो शिमिझूनें. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून तर कराटे वगळलेंच गेलें. म्हणजे ज्या व्यासपीठावर जग खेळाडूला ओळखतें, तेथें न जातांच ही बाई जगाच्या ओळखीची झाली.

या लोकप्रियतेला दुसरीहि बाजू आहे. पाहून शिकणारीं मुलें प्रथम उचलतात ती जळजळीत नजर, ती आरोळी आणि बाहीचा तो फटकारा. हीं सारीं फळें होत. मूळ आहे कमरेंत. प्रहाराचें बळ पायांतून उगम पावतें, कमरेंतून वर चढतें आणि मुठींत शेवटीं पोहोंचतें. नुसत्या हाताच्या झटक्यानें आवाज काढतां येतो, पण त्यानें समोरचा शत्रू हटत नाहीं. चलच्चित्रांत फळ चटकन् दिसतें, मूळ दिसत नाहीं. त्यासाठीं शिक्षकच हवा.

तेव्हां आपल्या घरीं तें चित्र कोणी लावील, तर एकदां आवाज बंद करून पाहा, आणि हातांकडे न पाहतां पावलांकडे पाहा.