संक्रांतीचे बोलावणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या हिवाळी कार्यक्रमांविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा प्रथम वाटले, यात बोलण्यासारखे काय आहे? कार्यक्रम करायचे असतात, ते काही बोलायचे नसतात. पण इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळायला घेतल्या आणि ध्यानात आले की आपल्या मंडळाचे खरे वर्ष कोजागिरीच्या दुधाबरोबर सुरू होते आणि रथसप्तमीला संपते. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर चढला म्हणजे आपल्या चंद्रपुरात दुपारची सभा भरवणे ही शिक्षाच ठरेल. पावसाळ्यात ज्यांची शेती आहे त्या रोवणीत गुंतलेल्या आणि बाकीच्या मुलांच्या शाळेत. राहता राहतो हिवाळा, आणि त्या चार महिन्यांत आपण वर्षाची सगळी हौस भागवून घेतो.

तुळशीचे लग्न होते, आवळीभोजन होते, मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरांतून पूजा मांडल्या जातात आणि कहाणी ऐकायला शेजारणी जमतात. मग एखादा रविवार पाहून आपण बाहेर जेवण करतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, त्यावर तुपाची धार, शेजारी मोठ्या कढईत रटरटणारी वांग्याची भाजी. कधी ओल्या तुरीचे सोले मिळाले तर सोलेभात, कधी पोपटाच्या दाण्यांची उसळ. सांबारवडी तर हवीच. पुण्यामुंबईकडून आलेल्या सुनांना आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे उमजायला एक हिवाळा जातो आणि वडी जमायला दुसरा. यात कोणाला वावगे दिसेल असे मला वाटत नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक उघड्यावर करणे आणि तो वेळेवर वाढणे हे सोपे नसते; ज्या बायका ते करतात त्यांना कोणत्याही कचेरीचा कारभार चालवता येईल.

आपल्या पलीकडे झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, वडसा, आरमोरी या भागांत हिवाळ्याची गंमत आणखी वेगळी. धान कापून, बांधून पुंजणे रचले गेले, की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात आणि रात्री नाटक होते. तेही थोडेथोडके नाही, पहाट होईपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे मोठे ठाणे आहे. याच रंगभूमीवर हयात घालवलेले गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचे नाव दिल्लीपर्यंत पोचले. मी लहानपणापासून ही नाटके पाहत आले आहे. घोंगडी नाहीतर जुनी गोधडी अंगावर घेऊन, मांडीवर निजलेले मूल थोपटत, गावातल्या सगळ्या बाया एका बाजूला दाटीने बसलेल्या असतात. त्यांत सासुरवाशीण असते, माहेरवाशीण असते, नवऱ्याने टाकलेली असते, नवरा गेलेली असते. तिकीट काढले की जागा मिळते. दारावरचा माणूस कोणाच्या कपाळाकडे पाहत नाही.

आता मी मुद्द्यावर येते. आपल्या मंडळाच्या सगळ्या हिवाळी कार्यक्रमांत जो सर्वांत मोठा, ज्याला सर्वांत जास्त गर्दी होते आणि ज्याचे फोटो वर्षभर भिंतीवर लागतात, तो संक्रांतीचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. आणि कपाळाकडे पाहून बोलावणे होते ते नेमके त्याच कार्यक्रमाला.

आपल्या मंडळात एक बाई आहेत. नाव सांगत नाही, पण सगळ्याजणी ओळखतील. संक्रांतीच्या आधी तीळ निवडायला त्या पहिल्या येतात. गुळाच्या पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून तो बोटांनी वळून पाहतात आणि त्यांनी 'आता झाला' म्हटल्याशिवाय कढई खाली उतरत नाही. एकदा त्या गावाला गेल्या होत्या, तर त्या वर्षीचे लाडू फोडायला बत्ता लागला होता. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता बायका येऊ लागल्या, की ह्या पदराला हात पुसतात आणि मागच्या दाराने घरी जातात. यजमान वारल्यापासून हे असेच चालले आहे. त्यांना कोणी जा म्हणत नाही. बोलावणे सवाशिणींना असते हे त्यांना ठाऊक आहे, एवढेच. आणि अशा त्या एकट्याच नाहीत. आपल्या यादीवरून मी मोजले, तेव्हा दर पाच-सहा सभासदांमागे एक निघाली.

यावर कोणी म्हणेल, रीतच आहे, पूर्वापार चालत आलेली. तर पूर्वापारचे थोडे सांगते. महिला मंडळाने संक्रांतीचा जाहीर समारंभ करायचा, ही कल्पना आपल्याकडे कोणी रुजवली हे पाहू गेले तर १८५२ सालापर्यंत जावे लागते. त्या वर्षी १४ जानेवारीला पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ केला. अध्यक्षस्थानी कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स होत्या. निमंत्रणातच सांगितले होते, की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल, आणि भेदभाव न करता सगळ्यांना सारखेच हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. त्या वेळी आपल्या चांद्यावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते, रेल्वे नव्हती आणि मुलींनी शिकावे म्हटले तर अंगावर शेण पडत होते. अशा काळात ज्या बाईला एक जाजम अंथरता आले, तिच्या मागून पावणेदोनशे वर्षांनी येणाऱ्या आपण जाजम तेवढेच लांब ठेवायचे की आणखी वाढवायचे? जातीची अट आपण आपल्या मंडळातून काढली. आपल्या कार्यक्रमाला खाणीच्या वसाहतीतल्या तेलुगू भगिनी येतात, बंगाली येतात, गोंड भगिनी येतात. दारात तेलुगू बायकांनी घातलेली रांगोळी तर आपल्या समारंभाची शोभा झाली आहे. अट राहिली ती एकच, आणि तीही जिच्यावर आधीच दुःख कोसळले आहे तिच्यासाठी.

गोंड समाजात तर विधवेने पुन्हा लग्न करण्याला पूर्वीपासून मोकळीक आहे. आणि आपण राहतो ते गाव कोणाचे? अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत, तिथे सर्वांत देखणी समाधी बीरशहाची. ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. अठराव्या शतकाच्या आरंभी नवरा मारला गेल्यावर ही बाई कोपऱ्यात बसली नाही. दत्तक मुलगा लहान होता तोवर तिने चांद्याचे राज्य सांभाळले. महाकालीच्या मंदिराचे बांधकामही तिच्याच नावाने सांगतात. चैत्रातल्या यात्रेला आपण सगळ्या त्या देवीला हळदीकुंकू वाहतो. आता राणी हिराई आज आपल्या वॉर्डात राहत असती, तर चिटणीसबाईंनी तिला बोलावणे धाडले असते की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा!

आपल्या या जंगलाच्या मुलुखात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त जवळचा आहे. धानकापणीच्या दिवसांत, सरपणाला गेल्यावर, मोहफुले वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाने माणूस नेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कधी बाई जाते, कधी गडी. गड्यामागे जी राहते तिला सरकार मदत देते, आणि अलीकडे ती रक्कम २५ लाख रुपयांपर्यंत वाढवली आहे, हे चांगलेच झाले. पण पैसे मिळाले तरी तिचे संक्रांतीचे बोलावणे बंद होते. ते सुरू ठेवणे सरकारच्या हातात नाही, गावातल्या बायकांच्या हातात आहे. जी गोष्ट वाघाची, तीच दारूची. डिसेंबर २०१० मध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून निघाल्या आणि थंडीतून पायी नागपूरपर्यंत गेल्या. जिल्ह्यात दारूबंदी करा, एवढेच त्यांचे मागणे होते. गडचिरोलीत ती १९९३ पासून होती. आपल्याकडे १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठलीही; त्या वादात आज मी शिरत नाही, तुमच्यात दोन्ही मतांच्या भगिनी आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे, की दारूने ज्यांचा संसार नेला त्यांना घरी बसवून तो मोर्चा निघाला नसता. चालायला त्या चालतात आणि तिळगूळ घ्यायला चालत नाहीत, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

याबाबत एका लहान गावाने पाऊल टाकले ते सांगण्यासारखे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे पत्रक काढले. पत्रकाने सगळे बदलते असे मी म्हणत नाही. कपाटात पत्रके पुष्कळ असतात. पण ग्रामपंचायतीला जे धैर्य झाले ते महिला मंडळाला न व्हावे, हे शोभत नाही.

हरकती मला माहीत आहेत. पहिली, कुंकू हे सौभाग्याचे लेणे आहे. ते खरे धरले, तरी आपण पाचवीतल्या मुलीला कुंकू लावतो ते कोणाच्या सौभाग्याचे? मंगळसूत्र नवऱ्याकडून आले असेल; टिकली बाई माहेरून लावून आलेली असते. (बाजारातले आजचे कुंकू हळदीचे असते की नुसत्या रंगाचे, हा प्रश्न आणखी वेगळा. ज्यांच्या कपाळावर पुरळ उठते त्यांनी त्याचाही विचार करावा.)

दुसरी हरकत जास्त खरी आहे, आणि ती त्या भगिनींकडूनच येते. 'मला नको बाई, मला बरे वाटत नाही', 'घरी सासूबाईंना आवडणार नाही', 'लोक बोलतील'. या म्हणण्याचा मान ठेवला पाहिजे. तीस वर्षे ज्या कपाळाला कोणी बोट लावले नाही, त्याला एका दुपारी सर्वांदेखत कुंकू लावून टाळ्या वाजवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो द्यावा, हे मला मुळीच पसंत नाही. तो त्या बाईचा सत्कार नसतो, आपला असतो. 'विधवा भगिनींसाठी खास हळदीकुंकू' असा वेगळा कार्यक्रमही नको. वेगळी पंगत ती वेगळीच, मग तिथे फुले कितीही घाला.

मला सुचते ते साधे आहे. यंदाचे बोलावणे सर्व सभासदांना आणि वॉर्डातल्या सर्व स्त्रियांना, एकाच कागदावर, एकाच शब्दांत जावे, आणि त्यात 'सुवासिनी' हा शब्द नसावा. दारात हळदीकुंकवाचे तबक प्रत्येकीपुढे धरावे. जिला लावून घ्यायचे ती कपाळ पुढे करील, जिला नको ती नुसता हात जोडील. कोणी कारण विचारू नये आणि आग्रहही करू नये. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ आणि वाण मात्र सर्वांना सारखे. तबक धरायला कोण उभी राहील हेही आधी ठरवावे, कारण धरणारीचा हात एखादीपुढे क्षणभर अडखळला तरी ते साऱ्यांना दिसते. ते काम दोघींनी करावे, आणि त्यांतली एक आपल्या पाकवाल्या बाई असाव्यात, असे मी सुचवते. त्यांना मी आधी विचारले आहे. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. 'पाहू' म्हणाल्या. एवढे माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे.

वाणाबद्दलही थोडे. आपल्याकडे वाण लुटायचे असते, त्यामुळे प्लास्टिकचे डबे नि चाळण्या लुटून लुटून प्रत्येकीच्या घरात एक दुकान झाले आहे. यंदा पालक, मेथी, सांबार यांच्या बियांच्या पुड्या द्याव्यात. परसात किंवा कुंडीत लावल्या तर हिवाळा संपायच्या आत भाजी हाती येते. आणि वेळ चारची न ठेवता रविवारी सायंकाळची ठेवावी, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, दवाखान्यात आणि शाळेत नोकरी करणाऱ्या भगिनींनाही येता येईल. शहराच्या कडेच्या वस्तीतून येणाऱ्यांना मात्र अंधार पडण्यापूर्वी घरी पोचता आले पाहिजे. हल्ली तिकडे बिबट्या दिसल्याचे ऐकतो. त्यांना पहिल्या फेरीत वाण द्यावे.

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हे मांडायचे आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी अवश्य यावे आणि तिथे बोलावे. मागाहून ओट्यावर बोलू नये. ठराव होवो न होवो, तीळ निवडायचे काम संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मंडळाच्या खोलीत दुपारी दोन वाजता सुरू होईल. येताना प्रत्येकीने आपापली परात आणावी. मंडळाच्या दोनच आहेत, आणि त्यांतली मोठी मागच्या कार्यक्रमाला कोणीतरी नेली ती अजून परत आलेली नाही.