बाटलीचा दर आणि दुकानाची वाट



व्यसनमुक्तीची ही परिषद सावंतवाडीत भरवण्याला कारण आहे. बांदा ओलांडले की गोवा. तिकडे कर कमी, म्हणून बाटली स्वस्त. इन्सुली नाक्यावर ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याच्या बातम्या आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उत्पादन शुल्क वाढवायचे ठरवले. देशीच्या १८० मिलीला किमान ८० रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५. लगेच ओरड झाली की लोक गोव्याची पितील, नाहीतर हातभट्टीकडे वळतील.

हीच धास्ती फिनलंडने घेतली होती. शेजारचा एस्टोनिया २००४ साली युरोपीय संघात जाणार, तिथून स्वस्त दारू येणार, म्हणून त्यांनी आपलाच कर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. दारूपायी मरणारे वाढले, आणि त्यांत हातावर पोट असणारे जास्त. पुढे कर पुन्हा चढवावा लागला. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूला किमान दर बांधून दिला, तर निव्वळ दारूने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणून नाक्यावरचा पहारा वाढवा, पण दर उतरवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला दारू सुटतच नाही तो मात्र वाढलेला दर बायकोच्या डब्यातून काढतो. त्याच्यासाठी तालुक्यालाच उपचार हवेत.

दराइतकेच दुकानाचे ठिकाण महत्त्वाचे. संध्याकाळी मजुरी हातात पडते आणि घराच्या वाटेवरच देशीचे दुकान असते. क्वार्टर खिशात जाते, तांदूळ दुकानातच राहतो. ते दुकान उठवायला कायद्याने आडव्या बाटलीचा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाचा, मार्ग दिला आहे, पण एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. भात लावणीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई मतदानाला आली नाही, तर तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते. झालेल्या मतदानातले बहुमत पुरेसे धरावे, असा ठराव आज आपल्यासमोर येईल.

दुपारच्या सत्रात सीमेलगतच्या गावांतल्या भगिनी आधी बोलतील, अधिकारी नंतर. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.